विचारा औषधांबद्दल : गुळण्यांची बाटली, घशाचा स्प्रे

थंडी वाढली, तुरीच्या मळण्या सुरू झाल्या आणि पत्रांत सगळीकडे घसाच घसा. म्हणून या वेळी तीच पत्रं घेतली आहेत. मी डॉक्टर नाही. अंबाजोगाईत मेडिकल चालवणारी फार्मसिस्ट आहे. बाटलीत काय आहे, ते किती आणि कोणी घ्यावं हे मी सांगू शकते. जिथे घशात बघितल्याशिवाय भागणार नाही तिथे तसं सरळ लिहिलंय.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हिवाळ्यात घसा धरतोच. घरी तपकिरी बेटाडीन आहे, बहिणीनं क्लोरहेक्सिडीन दिलं आणि मेडिकलवाल्यांनी बेंझिडामाइन. तिन्ही आलटून पालटून करते. आराम पडतो तो तासाभराचा. यातलं खरं औषध कोणतं? आणि मला थायरॉईडची गोळी चालू आहे, त्याचा काही संबंध येतो का?
— शिक्षिका, ता. वसमत

बाई, संबंध येतो. म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तपकिरी बाटलीत पोव्हिडोन-आयोडीन असतं. गुळणी थुंकली तरी त्यातलं थोडं आयोडीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं, आणि थायरॉईडची ग्रंथी आयोडीनवरच चालते. धडधाकट माणसाला चार-पाच दिवसांच्या गुळण्यांनी काही होत नाही. पण ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे, गळ्यावर गाठ आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, किंवा ज्यांना मानसिक आजारासाठी लिथियमची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बाटली उघडू नये. थायरॉईडचं स्कॅन किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार ठरला असेल त्यांनीही नाही. तुम्ही ती बाजूला ठेवा. गोळी मात्र नेहमीसारखी सकाळी उपाशीपोटी चालू द्या.

बाकीच्या दोन बाटल्यांचं काम वेगवेगळं आहे. रंगावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. लेबलवरचं बारीक नाव वाचा. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के हे मुळात हिरड्यांचं औषध. दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज यावर ते उत्तम, म्हणून दातांचे डॉक्टर दाढ काढल्यावर देतात. घशाच्या दुखण्यावर त्याचा फारसा भरवसा नाही. आठवडे-आठवडे वापरलं तर दात तपकिरी दिसायला लागतात आणि जिभेची चव जाते. आणखी एक, दात घासल्याबरोबर ते वापरू नका. पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं त्याचा असर कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

बेंझिडामाइन ०.१५ टक्के हे तुमच्या कामाचं. त्याचा मुख्य उपयोग जंतू मारण्यासाठी नाही. ते सूज कमी करतं आणि जागा थोडी बधिर करतं, त्यामुळे घास गिळवतो. मोठ्या माणसानं १५ मिली घ्यायचं, अर्धा मिनिट घशात खळखळवायचं आणि थुंकायचं. दीड ते तीन तासांनी पुन्हा घेता येतं. झोंबलं तर तेवढंच पाणी घाला. सात दिवसांच्या वर नको. ज्यांना ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्यांची ॲलर्जी आहे किंवा दमा आहे, त्यांनी आधी विचारावं.

आता आराम तासाभराचाच का, ते सांगते. घसा दुखण्याचं कारण बहुतेक वेळा व्हायरस असतो. तो पेशींच्या आत शिरलेला असतो आणि गुळणी वरवरून जाते. गुळणीचं पाणी पडजिभेपाशी, टॉन्सिलच्या पुढच्या बाजूपर्यंत कसंबसं पोचतं. जिथे लागतं तिथले जंतू ती कमी करते, पण लाळ सुटतच असते आणि थोड्या वेळात सगळं पूर्वीसारखं होतं. असा घसा आठवडाभरात आपोआप बरा होतो, बाटली असो वा नसो. बाटलीनं ते दिवस सुसह्य होतात, आणि त्यासाठी ती वापरायला माझी काहीच हरकत नाही. घास गिळवत नसताना घटकाभराचा आराम मोठा असतो. फक्त तीन बाटल्या एकदम नकोत. त्यानं तोंडाची आतली कातडी सोलल्यासारखी होते आणि मग जळजळ कशाची, आजाराची की औषधाची, तेच कळत नाही.

आणि मीठ-पाणी? अर्धा चमचा मीठ, एक पेला कोमट पाणी, दिवसातून तीन-चार वेळा. सुजलेल्या भागातलं पाणी थोडं ओढलं जातं, चिकट कफ सुटतो. थायरॉईड असो, गरोदरपण असो, चालतं. रक्तदाबवाल्यांनी गिळू नये, एवढंच.

शाळेत रोज पोरांच्या सर्दीत उभं राहायचं असतं, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. जपानमध्ये बाहेरून आल्यावर गुळण्या करायची पद्धत आहे. तिथे ३८७ निरोगी माणसांवर एक अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी साध्या पाण्यानं गुळण्या केल्या, काहींनी पोव्हिडोन-आयोडीननं, बाकीचे नेहमीसारखे राहिले. साध्या पाण्यावाल्यांना सर्दी-पडसं सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झालं. आयोडीनवाल्यांमध्ये आणि काहीच न करणाऱ्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. एका अभ्यासावरून फार पुढे जाऊ नये. पण शाळा सुटल्यावर नळाच्या पाण्यानं दोन गुळण्या आणि साबणानं हात, याला पैसे लागत नाहीत. महिन्याला बाटली आणायचे पैसे वाचवा.

आमचे वडील घसा दुखला की ग्लासात झाकणभर डेटॉल टाकून गुळण्या करतात. म्हणतात, जखमेला चालतं तर घशाला का नाही? तेच बेटाडीनचं. जखमेवर लावायची मोठी बाटली घरात आहे, तीच वापरतात.
— एक वाचक, ता. पाथरी

डेटॉल आजपासून बंद. त्यातलं क्लोरोझायलेनॉल, पाइनचं तेल आणि अल्कोहोल हे अंगाच्या बाहेर लावायचं. तोंडातल्या नाजूक अस्तराला ते भाजतं. घोट पोटात गेला किंवा ठसका लागून श्वासनळीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. तसं झालंच तर उलटी करायला लावू नका. मीठ-पाणी पाजू नका. बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय पोटात गेलंय ते कळेल.

बेटाडीन एकच नसतं. जखमेची बाटली ५ किंवा १० टक्क्यांची, गुळण्यांची २ टक्क्यांची. जखमेच्या बाटलीत पाणी घालून गुळण्यांची बाटली होत नाही, कारण आयोडीन सोडून त्यात बाकी काय घातलंय तेही वेगळं असतं. गुळण्यांची बाटली घ्या, तिच्यावर ‘गार्गल’ लिहिलेलं असतं. बहुतेक बाटल्यांवर तेवढंच पाणी मिसळा असं सांगितलेलं असतं. ते मिश्रण अर्धा मिनिट घशात धरायचं आणि थुंकायचं. सलग १४ दिवसांच्या वर कधीच नाही.

वडिलांना एक गोष्ट दाखवा. जेवून लगेच बेटाडीनची गुळणी केली आणि बेसिनमध्ये भाताचं शीत पडलेलं असलं, तर ते शीत काळं-निळं होतं. लोक घाबरून बाटली घेऊन माझ्याकडे येतात, औषध खराब निघालं म्हणून. खराब काही नसतं, आयोडीन भाताच्या स्टार्चला चिकटतं. म्हणजे अन्न तोंडात असलं की औषध अन्नावरच खर्ची पडतं. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची, मग औषधाची गुळणी.

नातू सात वर्षांचा. लेक-सून ऊसतोडीला गेलेत, पोरगं माझ्यापाशी आहे. दोन दिवस अंग तापलंय, घास गिळंना, जबड्याखाली गाठी आल्यात. खोकला न्हाई. गावातल्या दुकानातून घशात मारायचा स्प्रे आणला. मारला की घटकाभर दूध पितंय, पुन्हा तेच. अजून किती दिवस मारू?
— आजी, ता. धारूर (पत्र शेजारच्या मुलीनं लिहून दिलं)

आजी, पत्र हातात पडलं त्याच दिवशी आपण फोनवर बोललो. पोराला दवाखान्यात नेलंत, तिथे तपासून औषधाचा कोर्स दिला, हे ऐकून जीव भांड्यात पडला. इथे छापतेय ते बाकीच्या आज्यांसाठी. या दिवसांत धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडच्या कितीतरी घरांत लेकरं आणि म्हातारी माणसंच असतात.

ताप आहे, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आहेत, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा पू आहे आणि खोकला-सर्दी मात्र नाही, अशी मूठ जमली की व्हायरसपेक्षा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा संशय जास्त. पाच ते पंधरा वर्षांच्या लेकरांत हा जास्त दिसतो. त्याला अँटिबायोटिक लागतं, स्प्रे नव्हे. घसा तर तसाही काही दिवसांत बरा वाटायला लागतो. धोका पुढचा आहे. उपचार न झालेल्या काही लेकरांना दोन-चार आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो, आणि तो आजार हृदयाच्या झडपांवर जातो. त्यालाच संधिवाताचा ताप म्हणतात. झडप एकदा बिघडली की जन्माचं दुखणं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तर हे टाळता येतं. ते बहुधा पेनिसिलिनच्या घराण्यातलं, साधं, स्वस्त औषध असतं. तोंडानं दिलं तर साधारण १० दिवसांचा कोर्स. तिसऱ्या दिवशी पोरगं उड्या मारायला लागतं, तरी बाटली संपवायची. उरलेलं औषध धाकट्यासाठी ठेवायचं नाही.

म्हणून बधिर करणाऱ्या स्प्रेची मला लहान लेकरांत भीती वाटते. दुखणं झाकतं आणि त्यात दिवस जातात. शिवाय बधिर घशानं दूध पिताना ठसका लागतो. दोन वर्षांखालच्या बाळाला बेंझोकेन असलेलं काहीही नको, त्यानं रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते. मेंथॉल-कापराचंही इतक्या लहान बाळाच्या नाका-तोंडाशी नेऊ नका, श्वास अडकू शकतो. सहा वर्षांखालच्या पोरांना गुळण्याही सांगू नका, ती थुंकत नाहीत, गिळतात. त्यांना कोमट पाणी, पातळ पेज, वरणाचं पाणी घोट-घोट द्या. वर्षावरच्या लेकराला चमचाभर मध चालतो, वर्षाखाली मुळीच नाही. तापाला पॅरासिटामॉल, लेकराच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी किंवा फार्मसिस्टनं मोजून दिलेलं. ॲस्पिरिन लेकरांना द्यायचं नाही.

आणि लेकराची लाळ गळायला लागली, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा झाला, तोंड उघडेना, मान आडवी सुजली, श्वासाला आवाज यायला लागला, किंवा घशात करडा-पांढरा पापुद्रा दिसला, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. चमचा घालून घसा बघायचा प्रयत्न करू नका, त्या ढोसण्यानं श्वास बंद पडू शकतो.

तो करडा पापुद्रा घटसर्पाचा असू शकतो. घटसर्प गेला असं आपल्याला वाटतं, पण ज्या लेकराच्या लसी राहिल्यात त्याच्यासाठी तो गेलेला नाही. ही लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून मिळते. मग बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, दुसरा ५ ते ६ वर्षांला, पुढे १० आणि १६ वर्षांला टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात सगळं फुकट. पहिले डोस गावात होतात. बूस्टरची वेळ येते तेव्हा कुटुंब साखर कारखान्याच्या पट्ट्यात कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत असतं आणि बूस्टर राहून जातो. मला या कामात सगळ्यात जास्त लागतं ते हे. आयांनो, कोयता घेऊन निघताना लेकराचं लसीचं कार्ड पिशवीत ठेवा. जिथे कोपी पडेल तिथल्या उपकेंद्रातही राहिलेली लस मिळते. आज्यांनो, लेकरू तुमच्यापाशी असेल तर आशाताईंना कार्ड दाखवा आणि काय राहिलंय ते विचारा. उशीर झाला तरी लस घेता येते.

राम कृष्ण हरी. मी कीर्तनसेवा करतो. सप्ताहाच्या दिवसांत रोज एका गावाला. महिना झाला, आवाज बसलाय. तुरटीच्या गुळण्या, बेटाडीन, सगळं झालं. कीर्तनाआधी स्प्रे मारतो म्हणजे वेळ निभते. आणखी कडक काही आहे का?
— ता. गंगाखेड

राम कृष्ण हरी, महाराज. कडक काही देणार नाही, आणि आहे तेही सोडा म्हणते. आवाज निघतो त्या स्वरतंतूंपर्यंत कोणतीच गुळणी जात नाही. ते श्वासनळीच्या तोंडाशी असतात आणि पाणी तिकडे जायला लागलं की शरीर खोकून बाहेर फेकतं. म्हणजे इतके दिवस तुम्ही जी जागा धुताय, ती दुखणारी जागाच नाही.

बधिर करणारा स्प्रे मारून चढा स्वर लावणं हे मला सगळ्यात घातक वाटतं. दुखतं तेव्हा गळा थांब म्हणत असतो. ते ऐकू येऊ दिलं नाही की स्वरतंतूंवर गाठी येतात, कधी रक्त साकळतं. स्प्रेनंतर तासभर गरम चहाही घेऊ नका, घसा भाजलेला कळत नाही. तुरटी आकसून धरते, त्यानं कोरड वाढते.

काही दिवस सेवा एखाद्या शिष्याकडे द्या. कुजबुजूही नका, त्यानं आणखी ताण पडतो. दिवसभर थोडं-थोडं पाणी प्या. साध्या पाण्याची वाफ घ्या, त्यात काही न घालता. माईक चांगला मागून घ्या, हे यजमानांना हक्कानं सांगा. आणि कीर्तन संपल्यावर रात्री अकरा-बाराला महाप्रसाद, लगेच पाठ टेकणं, यानं पोटातलं आम्ल वर येतं. सकाळी आवाज घोगरा, सारखं खाकरावंसं वाटणं, हे पुष्कळदा त्यानंच होतं. कीर्तनाला उभं राहायच्या आधी हलकं जेवा.

हे सगळं करायचंच, पण आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर दुर्बिणीतून स्वरयंत्र बघून घ्यावं लागतं, आणि तुमचा तर महिना झाला. तंबाखू किंवा बिडी असेल तर एक दिवसही लांबवू नका. परभणीला नाहीतर आमच्याकडे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात ओपीडीला या. तपासणीला फार वेळ लागत नाही.

कोणतंही माउथवॉश तोंडात घेतलं की आग होते. तिखट तर बिलकुल चालत नाही. तोंडही पूर्वीसारखं उघडत नाही, दोनच बोटं जातात. वय ३१. न झोंबणारी बाटली सांगा.
— नाव छापू नये, ता. जालना

भाऊ, तुम्ही लिहिलं नाहीत, तरी विचारते. गुटखा खाता का? राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो मिळतो, हे मला माहीत आहे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आकसून दोरीसारखी घट्ट होते, तिखट झोंबतं आणि तोंड उघडणं कमी होत जातं. मोठ्या माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी जायला हवीत. हा आजार पुढे काहींच्या बाबतीत कॅन्सरकडे जातो. न झोंबणारी बाटली मी देऊ शकते, अल्कोहोल नसलेली मिळते, पण तुमच्या हातात ती देऊन गप्प बसणं मला जमणार नाही. पुडी आज बंद करा आणि याच आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारा छाला असेल, पांढरा-लाल चट्टा असेल, एकाच बाजूनं घसा दुखून कानात कळ येत असेल किंवा मानेला गाठ असेल, तर ते पहिल्यांदा सांगा. सुपारी या टप्प्याला सोडली तर आजार पुढे सरकणं थांबू शकतं. तोंड उघडण्याचे व्यायाम तिथेच शिकवतात. सोबत कुणी नसेल तर पत्रात कळवा, तारीख ठरवायला मदत करते.

गुळण्यांची बाटली एकदा उघडली की किती दिवस चालते? स्प्रे घरात सगळ्यांनी मिळून वापरला तर चालतो का?
— गृहिणी, ता. उदगीर

छापलेली मुदत बंद बाटलीची असते. उघडल्यावर किती दिवस, ते लेबलवर वेगळं असेल तर तेच पाळा. झाकणाच्या आत तोंड लावू नका आणि झाकणातलं उरलेलं परत बाटलीत ओतू नका. पाणी मिसळलेलं बेटाडीन साठवायचं नाही, लागेल तेवढंच करायचं. उन्हात, चुलीशेजारी बाटली ठेवू नका. तपकिरी रंग उडून पाण्यासारखा फिका झाला तर आयोडीन संपलंय, टाकून द्या. स्प्रे एकाचा एकानंच वापरायचा. नळी तोंडात जाते, एकाचा घसा दुसऱ्याला लागतो. बाटलीवर पेनानं नाव आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवा.